जपानमध्ये ड्राय साके आणि स्थानिक मासे: निइगाता की कोची?

आपण विचारले आहे की, ड्राय, म्हणजे गोडसर नसलेली कोरडी साके (तांदळापासून केलेली जपानी दारू) तिच्याच मुलखातल्या माशांबरोबर चाखायची असेल तर जपानमधल्या निइगाता प्रांतात जाणे पुरेसे आहे का, आणि बाटलीवरचा आकडा पाहून साके निवडावी का. निइगाताला अवश्य जावे. मात्र एकाच ठिकाणापुरता वेळ असेल तर मी शिकोकू बेटावरचे कोची सुचवेन. साके आणि मासा एकमेकांना किती धरून असतात, हे मला तिथे जितके पटले तितके अन्यत्र पटले नाही.

आधी आकड्याविषयी. बाटलीच्या मागील लेबलवर ‘निहोनशुदो’ म्हणून +५ किंवा +१० असा जो आकडा बहुधा छापलेला असतो, तो साकेच्या घनतेवरून काढतात. साखर जास्त उरली असेल तर साके जड होऊन आकडा उणे बाजूला सरकतो, कमी उरली असेल तर अधिक बाजूला. जिभेला जाणवणारा कोरडेपणा मात्र केवळ साखरेवर ठरत नाही. आम्लता जास्त असेल तर तेवढ्याच आकड्याची साके अधिक ड्राय लागते, आणि साकेच्या गिंजो या प्रकारातला फळांसारखा सुवास नाकात शिरला की +५ची साकेही गोडसर भासू शकते. त्यामुळे आकडा दाखवून बाटली मागण्यापेक्षा आपण कोणता मासा खाणार आहोत हे दुकानदाराला सांगणे अधिक उपयोगाचे ठरते.

निइगाताची साके बर्फ वितळून आलेल्या मृदू पाण्यावर आणि तिथेच विकसित होऊन १९५७ मध्ये नाव मिळालेल्या गोह्याकुमांगोकु या तांदळावर पोसलेली आहे. ती हलकी, स्वच्छ आणि गिळताच चव आवरती घेणारी असते. निइगाता स्थानकातील पोन्शुकानमध्ये टोकन टाकून निरनिराळ्या कारखान्यांची साके घोट-घोट चाखता येते. सुरुवातीला ते ठीक आहे, पण तिथे मासा नाही, म्हणून फार वेळ दवडू नये. त्याऐवजी उत्तरेला मुराकामीला जावे. मिओमोते नदीत येणाऱ्या सामन (सॅल्मन) माशावर हे गाव जगत आले आहे. हिवाळ्यात मीठ चोळलेले अख्खे मासे तिथे घरांच्या वळचणीला टांगलेले दिसतात. त्यांचे पोट पूर्ण चिरत नाहीत, मध्ये थोडा भाग जोडलेला ठेवतात. सामुराईंच्या या गावाला पोट चिरण्याची कल्पना अशुभ वाटे, असे त्याचे कारण सांगितले जाते. पुढे कित्येक महिने वाळून कडक झालेल्या माशाचे पातळ काप करून त्यांवर थोडी साके शिंपडतात. काप हळूहळू मऊ होतो, मिठाची धार कमी होते आणि सुक्या मासळीचा तो दाट स्वाद वर येतो. सुकटीवर वाढलेल्या कोकणी माणसाला हा पदार्थ समजावून सांगावा लागत नाही. त्यासोबत मुराकामीचीच शिमेहारित्सुरु ही साके घ्यावी, आणि थंडी असेल तर ती चाळीस अंशांच्या आसपास कोमट करून मागावी.

कोचीचा कोरडेपणा वेगळा आहे. तिथला मुख्य मासा कात्सुओ, म्हणजे आपल्याकडील कुप्याच्या कुळातला, लाल मांसाचा आणि रक्ताचा किंचित उग्र स्वाद असलेला. हिरोमे बाजारात तो भाताच्या पेंढ्यावर भाजताना आपल्यासमोर पाहता येतो. पेंढा भडकला की ज्वाळा पुरुषभर उंच जातात, वरचा थर काही क्षणांत करपतो आणि आतला मासा कच्चाच राहतो. मग बोटाएवढे जाड काप, जाडे मीठ आणि कच्च्या लसणाच्या चकत्या. सोया सॉसऐवजी मीठ लावलेलाच मागावा, कारण पेंढ्याचा धूर मिठातच नीट कळतो. या धुरापुढे आणि लसणापुढे निइगाताची नाजूक साके अगदी मिटून जाते. कोचीच्या त्सुकासाबोतान किंवा सुइगेई या कारखान्यांची ड्राय साके मात्र टिकून राहते: तिच्यात तांदळाची चव भरीव असते, मग आम्लता येऊन तोंडातला तेलकटपणा धुऊन नेते, आणि पुढचा काप पुन्हा पहिल्यासारखा लागतो. वसंतातला कात्सुओ कमी चरबीचा, शरदात परतणारा चरबीदार; मला साकेबरोबर शरदातलाच आवडतो.

याच माशाबरोबर पांढरी वाइन घेऊन पाहावी असे काही जण सुचवतात. मी ते टाळेन. वाइनमधील लोह माशाच्या चरबीशी जुळले की तोंडात मासळीचा वास उठतो, तर साकेच्या पाण्यात लोह जवळजवळ नसते, कारण त्याने साकेचा रंग आणि वास दोन्ही बिघडतात.

ओकायामा शहरातून कोचीला नानपू एक्सप्रेस या रेल्वेगाडीने सुमारे अडीच तास लागतात. भाड्याची मोटार घेण्याचा मोह टाळावा: पिऊन गाडी चालवणाऱ्याबरोबर जपानी कायदा त्याला दारू देणाऱ्याला आणि जाणूनबुजून त्याच्या गाडीत बसणाऱ्यालाही शिक्षा करतो. हिरोमेमध्ये टेबले सामायिक असतात, शेजारी बसलेले लोक आग्रहाने पेला पुढे करतात आणि तो रिकामा करून परत द्यावा अशी तिथली रीत आहे. म्हणून प्रत्येक पेल्यामागे तेवढेच पाणी प्यावे आणि मासा आधी संपवावा.