नकाशे गुगलने केलेत, मग आमच्या मुलीने काय करायचं?

प्रश्न: मुलगी बीएस्सी भूगोलच्या शेवटच्या वर्षाला आहे, ६४ टक्के आहेत. जीआयएसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे आणि जागेची माहिती हाताळायच्या कामात, जायचं म्हणते. नकाशे तर गुगलने करून ठेवलेत, आता त्यात काय राहिलंय? नागपूरच्या एका कंपनीने सहा महिन्यांच्या ट्रेनीशिपला बोलावलं होतं, मीच फोन करून तब्येत बरी नाही म्हणून कळवलं. एमपीएससी करावी नाहीतर भूमी अभिलेखला लागावं असं मला वाटतं. पुण्यात तिची आत्या राहते, तिथला एक क्लास १ लाख ४० हजारात जीआयएसचा कोर्स आणि नोकरीची हमी देतोय. तो लावू का? - एक वडील, बार्शी

दादा, टक्क्यांचं सोडा, ६४ ला काही बिघडत नाही. मी अडकलोय ते तुमच्या फोनवर. मुलीने अर्ज केला, इंटरव्ह्यू दिला, त्यांनी घेतलं, आणि तिच्या नावावर खोटं तुम्ही बोललात. तिला हे माहितीये का, तेही पत्रात नाही. नसेल तर आज सांगा, कारण हे क्षेत्र लहान आहे, टेंडरवर चालणाऱ्या कंपन्यांमधली माणसं दर दोन वर्षांनी इकडून तिकडे जातात, आणि "ती आजारी असते ना" हे नेमकं लक्षात राहतं.

आणि खरं सांगू का, तुमचा राग जीआयएसवर नाहीचये. असता तर त्याच कोर्सला १ लाख ४० हजार भरायला निघाला नसतात. पुण्यात आत्या आहे, नागपुरात कोणी नाही, एवढंच आहे ना? मग तसं बोला की तिच्याशी. राहायचं कुठे, ऑफिसात अजून मुली आहेत का, फील्डवर पाठवतात तेव्हा सोबत कोण, हे प्रश्न रास्त आहेत आणि त्यांची उत्तरंही मिळतात, दोघं एक दिवस जाऊन बघून या. गुगलला मधे कशाला ओढताय.

पण ओढलंयच तर ऐका. गुगल मॅप उघडा आणि तुमच्या शेताचा गट नंबर टाकून बघा, बांध दिसतो का. तुमच्या गल्लीतून पाण्याची लाईन किती इंची गेलीये, व्हॉल्व्ह कुठेय, कोणत्या घराने वर मजला चढवलाय आणि घरपट्टी जुनीच भरतंय, यातलं काहीच त्यात नाही आणि नगरपालिकेला नेमकं तेच लागतं. २०२० ला स्वामित्व योजना आली, गावठाणांची ड्रोनने मोजणी सुरू झाली, तेव्हा ड्रोन उडवायच्या आधी घरांच्या हद्दीवर चुन्याच्या रेषा मारल्या होत्या, आठवत असेल. त्या फोटोंवरून सनद, म्हणजे घराच्या मालकीचा कागद, आपोआप छापून येत नाही हो, कोणीतरी कॉम्प्युटरवर बसून एकेक घराची हद्द आखतं, मग गावात जाऊन ताडून बघतात, शेजारी-शेजारी भांडतात, पुन्हा आखतात. हे काम जीआयएसवाल्यांचं. आणि २०२१ ला केंद्राने नियम सैल केले, भारतीय कंपन्यांना नकाशाच्या डेटासाठी आधी परवानगी घ्यावी लागायची ती काढली, त्यामुळे खाजगीला हात मोकळा झालाय.

आता हे तिला वाचायला द्या. सुरुवातीला तुला जुने गावनकाशे स्कॅन करून गटाच्या रेषा गिरवायला बसवतील. दोन गटांच्या मधे केसाएवढी फट राहिली की क्षेत्रफळ जुळत नाही, मग झूम करून करून ती शोधायची, डोळे जातात. नकाशासाठी पृथ्वीचे उभे पट्टे पाडलेत, त्या पद्धतीला यूटीएम म्हणतात आणि पट्ट्याला झोन; आपला अर्धाअधिक महाराष्ट्र झोन ४३ मध्ये येतो आणि नागपूर ४४ मध्ये, फाईलला झोन चुकीचा लावलास तर बार्शी सहाशे किलोमीटर पूर्वेला जाऊन बसते, हे पहिल्याच महिन्यात होणार, होऊ दे. पण गिरवण्यातच दोन वर्षं काढू नकोस, इमारतींच्या बाह्यरेषा आता एआय काढतं, गुगल आणि मायक्रोसॉफ्टने त्या फुकट टाकल्यात सुद्धा. पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा आणि नकाशांचा डेटाबेस सांभाळणारं पोस्टजीआयएस शिक, फील्डला जायला मिळालं तर जा. सल्लागार म्हणून पैसे मिळतात ते नगरपालिकेच्या इंजिनिअरला नेमकं काय हवंय हे समजणाऱ्याला, सुंदर नकाशा तर कोणीही काढतं. पगार सुरुवातीला कमीच असतो, आणि छोट्या कंपनीत सरकारी बिल अडकलं की पगारही अडकतो, हे आधीच विचारून घे.

दादा, क्लास लावू नका. क्यूजीआयएस हे जीआयएसचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, देहरादूनच्या आयआयआरएसचे, म्हणजे इस्रोच्याच संस्थेचे, ऑनलाईन कोर्स फुकट असतात. नोकरीची हमी स्टॅम्पपेपरवर मागून बघा, क्लासवाल्याचा चेहरा बघण्यासारखा होईल. भूमी अभिलेखचं म्हणाल तर भूकरमापकाला, म्हणजे जमीन मोजणाऱ्याला, सिव्हिलचा डिप्लोमा किंवा आयटीआयचा सर्व्हेअर ट्रेड लागतो, बीएस्सी भूगोलवर तो अर्जच भरता येत नाही, हे मुलीवर दडपण आणायच्या आधी बघायला हवं होतं. एमपीएससी तिला स्वतःला करायची असेल तर करेल. पुढे शिकायचं असेल तर गेटला, म्हणजे एमटेकच्या प्रवेशपरीक्षेला, २०२२ पासून जिओमॅटिक्सचा (मोजणी आणि नकाशाशास्त्राचा) वेगळा पेपर आहे, नाहीतर पुण्यात एमएस्सी जिओइन्फॉर्मेटिक्स.

नागपूरला फोन करायचा, पण तो तिने, तुम्ही नाही. झालं ते खरंखरं सांगून जागा आहे का विचारायचं, भरली असेल तर पुढच्या बॅचचं विचारायचं. आणि पुढचं पत्र तिलाच लिहू द्या, कारण तिला पायथॉन किती येतं ते तुम्हाला विचारून मला काय कळणार?