1910 च्या सुमारास कोकणात तालुक्याच्या गावी वकिली करणाऱ्या माणसाचे आयुष्य आणि संसार कसा असे?

आपण लिहिले आहे की, आपले पणजोबा रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी वकील होते, त्यांनी खोऱ्याने पैसा ओढला असे घरात सांगतात आणि तरीही मागे एका जुन्या घराखेरीज काही उरले नाही, याचे आपल्याला कोडे पडले आहे. माझ्या आजोळी अशाच एका वकिलाचे दप्तर आहे आणि जुने मोडी कागद वाचण्याचा मला नाद आहे. त्या आधारावर सांगतो की, तालुक्याच्या वकिलाचा मान मोठा असे, रोकड मात्र बेताची, आणि जी येई तिला वाटा फार असत.

राजापूर, चिपळूण, दापोली, मालवण अशा ठिकाणी दुय्यम वर्गाच्या सबजज्जाचे कोर्ट असे व तेथे 5000 रुपयांपर्यंतचेच दावे चालत. प्रत्यक्षात बहुतेक दावे त्याहून पुष्कळ लहान असत आणि फी दाव्याच्या रकमेवर ठरत असल्यामुळे वकिलाच्या हाती पडणारा पैसाही त्याच मापाचा असे. काम मुख्यतः जमिनीचे होते. खोतीचे, म्हणजे गावाचा सारा वसूल करण्याच्या वंशपरंपरागत हक्काचे, हिस्से भाऊबंदांत वाटले जाऊन इतके बारीक झालेले असत की, यंदा गावची वहिवाट कोणी करायची यावरूनच दावे उभे राहत. शिवाय खोत आणि कूळ यांचा तंटा, सावकाराच्या खतावर दामदुपटीची (व्याज मुद्दलाहून जास्त मागता येत नाही, अशी) हरकत, दत्तकाची वैधता, वाटणी, आणि हुकूमनामा झाल्यावर वर्षानुवर्षे चालणारी दरखास्त, म्हणजे त्याच्या अंमलबजावणीची कारवाई. फौजदारी काम घेणाऱ्याला मॅजिस्ट्रेटच्या फिरतीमागे जावे लागे, कारण कॅम्प ज्या गावी, कोर्टही त्याच गावी.

आमच्या दप्तरातल्या रोजमेळाच्या, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीच्या, एका पानावर एका अशिलाच्या नावे थोडे रुपये रोख जमा आहेत आणि त्याखाली भात, नारळ व तुपाचा तांब्या अशी नोंद आहे; त्याच पानाच्या खर्चाच्या बाजूला कारकुनाचा पगार, स्टँपासाठी पदरचे घातलेले पैसे आणि ‘दरखास्तीत वसूल होईल तेव्हा’ असा शेरा आहे. हा शेरा मला त्या धंद्याचे खरे चित्र वाटतो.

आता घराविषयी. तारखेच्या आदल्या संध्याकाळी खेड्यांतून पक्षकार आणि साक्षीदार चालत येत, ओटीवर पथारी टाकत आणि यांतले पुष्कळजण, जातपात सांभाळून का होईना, वकिलाकडेच जेवत. शाळेसाठी गावात राहिलेली, वार लावून जेवणारी दोन-चार मुले, धाकट्या भावाचे कुटुंब, कारकून आणि आलेगेले धरले, तर वकीलसाहेबांच्या पत्नीच्या वाट्याला काय येत असेल, याचा हिशेब कोणत्याच रोजमेळात सापडत नाही. बहुतेक घरांत एखादी विधवा आत्या किंवा बहीणही असे. आपल्या मुंबई इलाख्यात विधवेला पतीची स्पष्ट आज्ञा नसतानाही दत्तक घेता येई आणि तिच्या या अधिकारावर वकील कोर्टात तासन्‌तास बोलत. परंतु एकत्र कुटुंबातल्या विधवेला 1937 च्या कायद्यापर्यंत अन्नवस्त्रापलीकडे हक्क नव्हता, आणि वकिलांच्या स्वतःच्या माजघरातही तोच कायदा चाले. या विसंगतीबद्दल त्या पिढीतल्या वकिलांना फारशी खंत वाटलेली मला त्यांच्या कागदांत दिसली नाही.

मुलींची लग्ने आणि मुलांच्या मुंजी उन्हाळ्याच्या सुट्टीत, कोर्ट बंद असताना उरकत. थोरल्या मुलाला शिक्षणासाठी मुंबईला किंवा पुण्याला फर्ग्युसनमध्ये पाठवायचे, तर पावसाळ्यात आगबोटी बंद होण्याआधी त्याची रवानगी करावी लागे, आणि पुढची काही वर्षे दरमहा मनीऑर्डर ठरलेली. याखेरीज म्युनिसिपालिटी, तालुका लोकल बोर्ड, वाचनालय, इंग्रजी शाळा या सगळ्यांच्या कमिट्यांवर वकील असायचाच. त्यात मान मिळे आणि वर्गणीच्या यादीत पहिला आकडाही त्यालाच घालावा लागे. 1920 साली काँग्रेसने कोर्टांवर बहिष्काराचा ठराव केला, तेव्हा काहींनी वकिली सोडली. त्यांतले कित्येकजण संसाराच्या रेट्याने पुढे परतले, आणि त्यांना दोष देणे मला योग्य वाटत नाही.

एवढ्यातून जे शिल्लक राही ते बँकेत नव्हे, जमिनीत जाई: खोतीचा एखादा हिस्सा, गहाण पडलेले कलमांचे आवार, कुळांकडे लावलेली भातजमीन. मुले नोकरीनिमित्त मुंबई-पुण्याला स्थायिक झालेली असत, त्यामुळे 1948 चा कूळ कायदा आणि 1949 चा खोती निर्मूलनाचा कायदा आला, तेव्हा जमीन कसणारे घरात कोणीच नव्हते. कूळ कायद्याने ठरवलेल्या 1 एप्रिल 1957 या कृषक दिनी अशा बहुतेक जमिनी कुळांच्या झाल्या. पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या कुळांच्या दृष्टीने ते न्याय्यच होते, आणि आपल्या घरातल्या कोड्याचे उत्तरही बहुधा येथेच आहे. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात त्या गावांचे जुने फेरफार मागा. पणजोबांचे नाव कमी होऊन कुळाचे नाव लागलेल्या नोंदीत ‘कलम 32 ग’ (कुळाने द्यायची जमिनीची किंमत ठरवण्याचे कूळ कायद्यातले कलम) असा उल्लेख आढळला, तर कोणती जमीन कोणाकडे आणि किती किमतीला गेली, हे तेथूनच शोधता येईल.