खाकी वर्दीतला मर्दपणा

प्रश्न : पोलीसपटातला नायक आरोपीला बडवतो, तेव्हा चित्रपटगृहात टाळ्या पडतात. मर्दपणाचे हे चित्रण आपल्याकडे नेहमी असेच होते का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : नाही. श्री. दा. पानवलकरांच्या 'सूर्य' या मराठी कथेवर आधारलेला, विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिलेला आणि गोविंद निहलानींनी दिग्दर्शित केलेला 'अर्धसत्य' (१९८३) आपण अवश्य पाहावा. त्यातल्या पोलीस उपनिरीक्षक अनंत वेलणकरचा संताप हे शौर्य नसून लहानपणापासून साचत गेलेली असहायता आहे. आईला मारहाण करणाऱ्या पोलीस बापाला तो अडवू शकला नाही, राजकीय आश्रय लाभलेल्या गुंड रामा शेट्टीलाही हात लावू शकत नाही. मग तो राग एका क्षुल्लक चोरावर निघतो आणि तो चोर कोठडीत मरतो. दुबळ्यावर उगारलेल्या हाताला पुरुषार्थ म्हणायचे का, हा प्रश्न तिथे टाळलेला नाही. 'सिंघम'मध्ये (२०११) मात्र, माझ्या मते, तो विचारलाच जात नाही. कारण तिथे खलनायक आधीच दोषी ठरलेला असतो आणि न्यायालय ही केवळ अडचण उरते.