तरुण संघातली मुलं आणि त्यांचे आईबाबा

प्रश्न : मी मंडळीचा, म्हणजे आमच्या चर्चचा, तरुण संघ चालवतो. शिबिराची परवानगी मागायची वेळ आली की मगच पालकांशी बोलणं होतं, तेही ताणातलं. व्हॉट्सॲपवर टाकलेलं कुणी वाचत नाही. (अहिल्यानगर)

उत्तर : काही मागायचं नसेल तेव्हा घरी जा. पाळकसाहेबांची घरभेट आपल्याकडे रुळलेली आहे, तरुण संघाचा पुढारी मात्र क्वचितच कुणाच्या घरी जातो. त्यामुळे तुमचा फोन आला की आईच्या पोटात गोळा येतो, पोरानं काय केलं आता? ही भीती घालवायची तर चांगलं काही दिसलं की आवर्जून कळवा, आणि नेमकं कळवा. "मुलगी गुणी आहे" हे सगळेच म्हणतात. "नवीन आलेल्या मुलीला तिनं शेजारी बसवून घेतलं, गीताचं पान काढून दिलं," हे ऐकलं की आईला कळतं, या माणसाचं माझ्या लेकीकडे लक्ष आहे.

शिबिराच्या निरोपात जागा, निघायची-परतायची वेळ, फी आणि मुक्कामाला मुलींसोबत कोण बाई असणार, एवढं हवंच. "अभ्यास आहे" म्हणून नकार देणाऱ्या घरात पुष्कळदा खरी अडचण फीची असते. ते एकट्यात विचारा, गटात कधीच नको.

प्रश्न : माझं वय तेवीस, लग्न झालेलं नाही. पालकांना मी काय सांगणार? (पुणे)

उत्तर : सांगू नका, विचारा. "तो घरी कसा असतो? आम्ही त्याच्यासाठी काय करावं?" पंधरा वर्षं मूल वाढवलेल्या बाईकडून शिकण्यासारखं बरंच असतं. बापलेकाचं बिनसलं असेल तर मंडळीतल्या जाणत्या जोडप्याला सोबत न्या. आणि मुलासमोर त्याच्या वडिलांना नावं ठेवू नका. मुलाला त्या क्षणी बरं वाटेल, पण घरी जाऊन राहायचं त्यालाच आहे. "बापांनो, आपल्या मुलांना चिरडीस आणू नका," हे बायबलमधलं पौलाचं वचन बापांना बापांच्या बैठकीत वाचून दाखवावं, पोराच्या हातात हत्यार म्हणून देऊ नये.

प्रश्न : मुलगा घरी तोंड उघडत नाही, संघातल्या दादाशी तासन्‌तास बोलतो. दादानं मला सांगायला नको का? (वसई)

उत्तर : ताई, तुमचं दुखणं खरं आहे. पण त्यानं विश्वासानं सांगितलेलं दादा जसंच्या तसं तुम्हाला सांगू लागला, तर मुलगा त्याच्याशीही बोलायचा थांबेल. मात्र जिवाला धोका असेल तर गुपित पाळायचं नाही, हे दादानं मुलांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवावं. स्वतःला इजा करायचं बोलणं निघालं तर आईवडिलांना त्याच दिवशी कळलं पाहिजे. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांकही द्यावा. लैंगिक अत्याचाराबद्दल कळलं, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. करणारा मंडळीतला असला तरी "आपसात मिटवू" हा मार्ग नाही. मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८ आहे.

बाकी गोष्टींत दादानं मुलाला विचारावं, "हे आईला सांगायला मी सोबत येऊ का?" पुष्कळ मुलं हो म्हणतात.

प्रश्न : दहावी आली की पालक मुलांना संघात पाठवतच नाहीत. (नाशिक)

उत्तर : वाद घालू नका. बैठक पाऊण तासावर आणा, वेळ पालकांनाच ठरवू द्या. तरीही नाही म्हणाले तर मान्य करा, पण त्या मुलाची चौकशी सोडू नका. शेवटचा पेपर झाला की येत्या रविवारी त्याला एखादं काम सोपवा, निकालाची वाट पाहू नका.