दाखला, अवतरण की उतारा?

प्रश्न असा आला आहे: "शेक्सपिअरने घडवलेल्या शब्दांवरच्या एका इंग्रजी लेखाचा अनुवाद करतो आहे. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात मॅकबेथमधल्या ओळीपुढे 'ए१६१६' आणि कंसात '१६२३' असे दिले आहे. कोशाच्या जुन्या आवृत्तीत त्याच ओळीपुढे १६०५ आहे. दुसऱ्या एका नाटकाच्या ओळीला तर अंक-प्रवेशाऐवजी 'सिग. डी३व्ही' असा पत्ता आहे. ही काय भानगड आहे? आणि कोशातल्या अशा ओळीला मराठीत अवतरण म्हणावे, उद्धरण म्हणावे की आणखी काही?"

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्यातच बाकीच्यांचे निम्मे उत्तर आहे.

अवतरण आणि उद्धरण दोन्ही संस्कृत, आणि गंमत म्हणजे एक खाली उतरते आणि दुसरे वर काढते. भाषणात, अग्रलेखात, लग्नपत्रिकेत आपण मोठ्या माणसाची ओळ घालतो, त्याला अवतरण म्हणणे ठीकच आहे. तिथे ती ओळ वजन वाढवायला आलेली असते. कोशात मात्र तिला साक्षीला उभे केलेले असते. अमुक शब्द, अमुक अर्थाने, अमुक साली वापरात होता, एवढेच तिने शपथेवर सांगायचे. ओळ सुंदर असली तर उत्तम, नसली तरी बिघडत नाही. म्हणून माझे मत 'दाखला' या शब्दाला. मूळ अरबी 'दाखिल', फारसीतून आपल्याकडे आलेला: आत शिरलेला, नोंदला गेलेला. जन्माचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला. त्यावर तारीख लागते, ठिकाण लागते, आणि शंका आली तर मूळ वही उघडून पडताळता यावा लागतो. कोशातल्या ओळीकडून हेच तर हवे असते. 'उतारा' हाही कामाचा शब्द आहे, सातबाराचा उतारा काढतो त्या अर्थाने: मुळाबरहुकूम नक्कल. मी स्वतः साल, कर्ता, ग्रंथ, जागा आणि ओळ या सगळ्या जुडग्याला दाखला म्हणतो आणि त्यातल्या नुसत्या ओळीला उतारा.

आता तारखेकडे. नाटकाला जन्मतारीख एकच नसते, हा सगळा घोळ तिथून सुरू होतो. कादंबरी लिहिली, छापली, संपले. शेक्सपिअरच्या काळातले नाटक आधी लिहिले जाई, मग रंगे, कधीकधी लंडनच्या स्टेशनर्स कंपनीच्या, म्हणजे मुद्रक-पुस्तकविक्रेत्यांच्या संघाच्या, वहीत प्रकाशक ते आपल्या नावावर दाखल करी (पाहा, पुन्हा तोच शब्द), आणि मग छापले जाई किंवा जातही नसे. मॅकबेथचे घ्या. लिहिले साधारण १६०६च्या सुमारास असे अभ्यासक मानतात. सायमन फोरमन नावाच्या ज्योतिषी-वैद्याने १६११ साली ते ग्लोब नाट्यगृहात पाहिल्याचे स्वतःच्या टिपणात लिहून ठेवले आहे. शेक्सपिअर वारला १६१६ साली. आणि नाटक पहिल्यांदा छापले गेले १६२३ साली, हेमिंग्ज आणि कॉन्डेल या त्याच्या दोन सहकारी नटांनी काढलेल्या फोलिओ, म्हणजे मोठ्या आकाराच्या, ग्रंथात. त्या ग्रंथातल्या ३६ नाटकांपैकी निम्मी त्याआधी कधी छापलेलीच नव्हती.

मग 'असॅसिनेशन' हा शब्द मॅकबेथच्या पहिल्या अंकाच्या सातव्या प्रवेशात येतो, त्यापुढे कोणते साल घालणार? कोशाच्या पहिल्या आवृत्तीने (१८८४ ते १९२८) त्या वेळच्या विद्वानांचा रचनाकाळाचा अंदाज धरून १६०५ घातले. हॅम्लेटला १६०२ घातले. स्टेशनर्सच्या वहीत त्या नाटकाची नोंद त्याच सालच्या जुलैतली आहे. दोन्ही अंदाज वेडेवाकडे नव्हते. पण दाखला म्हणून लंगडे होते, कारण आपण वाचतो ती ओळ १६०५ची कोणी पाहिलेलीच नाही. तिसऱ्या, म्हणजे चालू आवृत्तीने शहाणपणाची वाट धरली. 'ए' हे लॅटिन 'आन्ते'चे आद्याक्षर, म्हणजे 'त्या सालापर्यंत'. कर्ता १६१६ साली वारला, तेव्हा शब्द त्याचा असेल तर त्याआधीचाच. आणि कंसातले १६२३ म्हणजे तो शब्द ज्या कागदावर प्रत्यक्ष दिसतो त्याचे साल. एक तारीख माणसाची, दुसरी कागदाची. मला ही जोडी फार प्रामाणिक वाटते.

'शब्द त्याचा असेल तर' असे मुद्दाम म्हटले. आज हाती असलेल्या मॅकबेथवर टॉमस मिडल्टनचा हात फिरलेला असावा असे बऱ्याच संपादकांचे मत आहे. त्यातली चेटकिणींची दोन गाणी त्याच्या 'द विच' या नाटकात सापडतात. शेक्सपिअरचा समकालीन नाटककार मार्लो याच्या बाबतीत तर कागदोपत्री पुरावा आहे. तो १५९३ साली मारला गेला. त्याचे डॉक्टर फॉस्टस दोन वेगळ्या रूपांत छापले गेले, एक १६०४चे, दुसरे बरेच लांबलेले १६१६चे. मधे १६०२ साली नाट्यगृहाचा मालक हेन्स्लो याने विल्यम बर्ड आणि सॅम्युअल रोली यांना फॉस्टसमध्ये भर घातल्याबद्दल ४ पौंड दिल्याचे त्याच्या जमाखर्चात लिहिलेले आहे. म्हणजे एखादा शब्द फक्त १६१६च्या छापात असेल तर तो मार्लोच्या नावावर, १५९३च्या आधीचा म्हणून लावणे धोक्याचे. 'ज्यू ऑफ माल्टा' तर त्याच्या मृत्यूनंतर ४० वर्षांनी, १६३३ साली छापलेले सापडते. तिथे 'ए१५९३ (१६३३)' असे वाचले की कंसातला आकडा किती मोलाचा आहे ते कळते.

पण तारीख सुटली तरी उतारा कुठल्या पुस्तकातून घ्यायचा, हे उरतेच, आणि माझ्या मते खरी मेख इथे आहे. आपण शेक्सपिअर वाचतो तो संपादकांनी विंचरून, भांग पाडून दिलेला. हॅम्लेटच्या पहिल्या स्वगतात आपला देह वितळून जावा असे तो म्हणतो. १६०३ आणि १६०४च्या छापांत त्या देहाला 'सॅलीड' हे विशेषण आहे, १६२३च्या फोलिओत 'सॉलिड', म्हणजे घट्ट. विसाव्या शतकातल्या कितीतरी आवृत्त्यांत मात्र 'सलीड', म्हणजे मळलेला, असे सापडेल. हा पाठ त्या तीनपैकी एकाही छापात नाही. 'सॅलीड' म्हणजे 'सलीड'च असणार, असे संपादकांनी ठरवले. ठरवले ते कदाचित बरोबरही असेल. पण कोशात 'सली' या क्रियापदाखाली ही ओळ शेक्सपिअरच्या नावावर मुकाट्याने घातली, तर साक्षीदाराऐवजी त्याच्या वकिलाचीच साक्ष नोंदवल्यासारखे होईल.

याहून गोड उदाहरण फॉल्स्टाफ या शेक्सपिअरच्या लठ्ठ, गमत्या म्हाताऱ्या पात्राच्या मरणाचे. पाचव्या हेन्रीवरच्या नाटकात खाणावळवाली बाई त्याची अखेरची घटका सांगते. फोलिओत छापले आहे की त्याचे नाक लेखणीसारखे टोकदार झाले होते, 'अँड ए टेबल ऑफ ग्रीन फील्ड्स'. हिरव्या कुरणांचे टेबल? शंभर वर्षे कोणाला काही उमगेना. मग लुईस थिओबाल्डने सुचवले की मूळ हस्तलिखितात 'बॅबल्ड' असावे: म्हातारा हिरव्या कुरणांविषयी काहीबाही बरळत होता. १७३३च्या त्याच्या आवृत्तीत ते वाक्य तसे छापले गेले आणि मग तेच सर्वांच्या तोंडी बसले. इंग्रजी साहित्यातल्या अत्यंत हृद्य समजल्या जाणाऱ्या वाक्यांपैकी हे एक, आणि त्यातला कळीचा शब्द अठराव्या शतकातल्या एका वकिली पेशाच्या संपादकाचा! 'बॅबल' क्रियापद शेक्सपिअरच्या कितीतरी आधीपासून रुळलेले होते, त्यामुळे शब्दाच्या वयाला धक्का लागत नाही. पण दाखला द्यायचाच तर थिओबाल्डच्या नावाने द्यावा, असे मी म्हणेन.

बरे, 'मूळ छापावरूनच घ्या' म्हटले तरी सुटका नाही, कारण मूळ छापही एक नसतो. त्या काळी छपाई सुरू असतानाच मुद्रिते तपासत आणि चुकीचे छापलेले कागद फेकून न देता तेही बांधणीत घालत. कागद महाग होता. १६०८ साली छापलेल्या किंग लिअरच्या उरलेल्या प्रती ताडून पाहिल्या तर वादळाच्या प्रवेशात वादळाला काही प्रतींत 'क्रुलेन्शस' म्हटले आहे, काहींत 'टेम्पेस्टियस', आणि १६२३च्या फोलिओत 'कन्टेन्शस'. क्रुलेन्शस! किती छान, क्रूर वाटणारा शब्द. पण इंग्रजीत असा शब्द नाही. खिळे जुळवणाऱ्याला हस्तलिखितातले अक्षर लागले नाही एवढेच. अशा छापखान्यात जन्मलेल्या शब्दांना स्कीट या भाषापंडिताने १८८६ साली 'भूतशब्द' म्हणायची प्रथा पाडली. त्यातही काही भुते कायमची मानगुटीवर बसतात: मेझर फॉर मेझरमध्ये 'प्रेन्झी' हा शब्द दोनदा आला आहे, बाकी कुठेच नाही, आणि तो खरा शब्द आहे की अक्षरचूक हे आजतागायत ठरलेले नाही.

आता तुमचे 'सिग. डी३व्ही'. छापखान्यात काम केलेल्या कोणालाही हे चटकन कळेल, कारण ही फर्म्याची खूण आहे. सुटी नाटके क्वार्टो आकारात निघत: मोठा कागद दोनदा दुमडला की ४ पाने, ८ पृष्ठे, म्हणजे एक फर्मा. पृष्ठांक बहुधा नसतच. बांधणाऱ्याला फर्मे क्रमाने लावता यावेत म्हणून पानाच्या तळाशी अक्षर आणि आकडा घालत. 'डी' फर्म्याचे तिसरे पान, आणि 'व्ही' म्हणजे त्या पानाची मागची बाजू. पुढची असेल तर 'आर'. आपल्याकडे पोथीचा हवाला देताना पत्र ५अ, ५ब लिहितात तोच प्रकार. ही अक्षरेही २३च असतात, कारण आय-जे एक, यू-व्ही एक, डब्ल्यूला जागाच नाही.

इतका आडवळणाचा पत्ता कशाला, अंक-प्रवेश-ओळ का नको, असे विचाराल. कारण त्या सुट्या छापांत अंक-प्रवेश बहुतेक नसतच. शेक्सपिअरच्या नाटकांची अंक-प्रवेशांत पद्धतशीर विभागणी निकोलस रो याने १७०९ साली केली. ओळींचे आकडे कोशाच्या पहिल्या आवृत्तीने १८६४च्या ग्लोब आवृत्तीतले घेतले, आणि गद्य संवादात ओळ कुठे मोडते हे पानाच्या रुंदीवर ठरत असल्यामुळे दुसऱ्या पुस्तकात तेच वाक्य पाचदहा ओळी पुढेमागे सापडते. फर्म्याची खूण मात्र त्या कागदासोबतच जन्मलेली; ती हलत नाही.

एक धागा उरला: तुमच्या लेखातला 'घडवलेले शब्द' हा दावा. एकोणिसाव्या शतकात हजारो दाखले हौशी वाचकांनी चिठ्ठ्यांवर उतरवून पाठवले. हौशी माणूस चमकदार शब्द टिपतो आणि साधे सोडून देतो. संपादक जेम्स मरे यांनी कुरकुर करून ठेवली आहे की 'अब्यूजन' या विरळ शब्दाच्या सुमारे ५० चिठ्ठ्या आल्या, साध्या 'अब्यूज'च्या ५सुद्धा नाहीत. त्यात शेक्सपिअरची १८४५पासून छापील शब्दसूची होती, पुढे १८७०च्या दशकात श्मिटचा स्वतंत्र शेक्सपिअर-कोशही आला. टॉमस नॅशसारख्या त्याच्या समकालीन लेखकाला तसे काही नव्हते. जे सोपे सापडते तेच आधी सापडते. युर्गेन शेफर यांनी १९८० साली नॅश आणि शेक्सपिअर यांची तुलना करून दाखवले की या पक्षपातामुळे शेक्सपिअरच्या खात्यावर नको तितके 'पहिले' शब्द जमा झाले आहेत. आता जुन्या छापांची हजारो पुस्तके संगणकावर शोधता येतात, आणि त्याच्या खात्यातले शब्द एकेक करून जुन्या मालकांकडे परत जात आहेत.

आपल्याकडेही याच दगडाला ठेच लागते. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशात 'ज्ञा' आणि पुढे अध्याय-ओवीचा आकडा दिसला की आपण शब्द शके १२१२चा, म्हणजे १२९० सालचा धरून मोकळे होतो. 'शके बाराशतें बारोत्तरें' हे तर ग्रंथातच आहे ना! पण एकनाथांनी शके १५०६मध्ये पाठ शुद्ध केला, आणि राजवाड्यांनी १९०९ साली छापलेल्या ज्ञानेश्वरीची भाषा आपल्या नेहमीच्या पोथीहून बरीच निराळी दिसते. तिथेही एक कंस हवा होता, कोणत्या पोथीचा ते सांगणारा.

तेव्हा अनुवादात 'हा शब्द शेक्सपिअरने १६०५ मध्ये घडवला' असे वाक्य असेल तर ते तसेच ठेवू नका. 'शेक्सपिअरच्या मॅकबेथमध्ये (छपाई १६२३) या शब्दाचा दाखला आहे' असे लिहा. 'पहिला' हे विशेषण कोशाची चालू आवृत्ती उघडून, त्या नोंदीतला सर्वांत जुना दाखला डोळ्यांनी पाहिल्याशिवाय जोडू नका. आणि उतारा देताना जुने स्पेलिंग तसेच राहू द्या, 'अप'मधला यू तिथे व्ही छापलेला असला तरी.