जेएसडॉकमध्ये लिहिलेले टाइप कोड चालताना पाळायला लावता येतात का?

तुमची अडचण अशी की फंक्शनवर जेएसडॉकमध्ये (कोणत्या प्रकारचा डेटा लागतो ते कॉमेंटमध्ये लिहायची पद्धत) 'नंबर' लिहिलंय, तरी कुणी स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, पाठवली तर जावास्क्रिप्ट मुकाट्याने घेते. मग त्या कॉमेंटवरूनच चालत्या कोडमध्ये तपासणी लावता येईल का?

येईल. बेबेल या जावास्क्रिप्टचा कोड बदलून देणाऱ्या साधनासाठी प्लगइन लिहून कॉमेंटमधून तपासणीचा कोड तयार करता येतो. पण सरसकट प्रत्येक फंक्शनला ती लावू नका. मोठा ॲरे पाच फंक्शनांतून गेला तर पाचही वेळा आतून चाळला जाईल, आणि कॉलबॅक (नंतर कॉल करायला दिलेलं फंक्शन) काय परत करतो हे तो कॉल होईपर्यंत कळतच नाही.

तपासणी हवी ती डेटा बाहेरून आत येतो तिथे. आम्ही नागपुरात कळमन्याच्या अडत्यांसाठी संत्र्याच्या पट्टीचं (खर्च वजा करून शेतकऱ्याला द्यायच्या हिशोबाचं) सॉफ्टवेअर करतो, तिथलंच उदाहरण घ्या. माल 18,000 रुपयांचा, हमाली 120, तोलाई 40. एचटीएमएल इनपुटची 'व्हॅल्यू' नेहमी स्ट्रिंगच असते, इनपुटचा टाइप 'नंबर' ठेवला तरी. म्हणून हमाली-तोलाईची बेरीज 160 न होता दोन स्ट्रिंग एकमेकींना जोडून '12040' होते. पुढची वजाबाकी त्याच स्ट्रिंगचा आकडा करून घेते, आणि शेतकऱ्याला 17,840 ऐवजी 5,960 ची पट्टी जाते. एरर कुठेच नाही! लोकांच्या घामाच्या पैशाचा हिशोब असा बिघडू देणं मला मान्य नाही.

फॉर्म, एपीआयचं उत्तर, लोकलस्टोरेज, एनव्हायर्नमेंट व्हेरिएबल, एवढ्या जागी झॉड या तपासणीच्या लायब्ररीचा स्कीमा (डेटा कसा असावा याचं वर्णन) लावा. त्याच स्कीमावरून 'इन्फर' वापरून टाइप काढा आणि जेएसडॉकच्या टाइपडेफमध्ये (टाइपला नाव देणाऱ्या कॉमेंटमध्ये) तोच द्या, म्हणजे टाइप दोनदा लिहावा लागत नाही. आतल्या कोडला फाइलच्या वर टीएस-चेकची (टाइपस्क्रिप्टची तपासणी चालू करणारी) कॉमेंट पुरते. चुका एडिटरमध्येच दिसतात.

झॉडमध्ये एक जागा जपा. साधा 'नंबर' स्ट्रिंग आणि नॅन (आकडा नसलेली किंमत) दोन्ही नाकारतो, पण 'कोअर्स' (आलेल्या किमतीचा आधी आकडा करून घेणं) लावलं की रिकाम्या स्ट्रिंगचा शून्य होतो. हमालीची चौकट भरायची राहिली आणि हमाली खरंच शून्य आहे, या दोन वेगळ्या गोष्टी. तेव्हा आधी स्ट्रिंग रिकामी नाही हे तपासा, मग आकडा करा. चूक सापडली तर पट्टी तिथेच थांबवून कोणती चौकट चुकली ते दाखवा. परस्पर डीफॉल्ट आकडा भरून पुढे जाऊ नका.