रिपोर्टमध्ये ‘फास्ट’ लिहिलंय, मग कॉफीने धडधड का होते?

“नवरा रात्री दहाला कॉफी पितो आणि साडेदहाला घोरायला लागतो. मी संध्याकाळी पाचला एक मग घेतला की हात थरथरतात, छातीत धडधडतं, दोन वाजेपर्यंत डोळा लागत नाही. माझं मनच कमकुवत आहे का?”

हा प्रश्न समुपदेशनात वारंवार येतो. ही ३२ वर्षांची बाई अशाच अनेकांवरून उभी केली आहे. त्यांनी थुंकीवरची जनुक तपासणीही करून घेतली होती. अहवालात शेरा होता, ‘कॅफिन वेगाने पचवणाऱ्या’. त्यावरून त्यांनी ठरवलं, शरीर ठीक आहे, म्हणजे हा चिंतेचा आजारच.

शेरा अर्धवट होता. कॅफिनचा ९५ टक्क्यांच्या आसपास भाग यकृतातलं एकच विकर (एन्झाइम) मोडतं. त्याचं जनुक सीवायपी१ए२, पंधराव्या गुणसूत्रावर. अशा अहवालात बहुधा त्यातली एकच जागा पाहतात. तिथे आई-वडिलांकडून आलेल्या दोन्ही प्रतींत ‘ए’ हे अक्षर असलं की ‘फास्ट’. पण हा वेग प्रामुख्याने धूम्रपान करणाऱ्यांमध्ये ठळक दिसतो, कारण धुरामुळे ते विकर जास्त तयार होतं. बाई सिगारेट ओढत नव्हत्या. नवरा ओढायचा, रोज दहा-बारा. त्याच्या गाढ झोपेत जनुकांइतकाच सिगारेटचाही हात असू शकतो.

शिवाय कॅफिन किती लवकर निघून जातं हा एक भाग, आणि मेंदूला ते किती जोरात लागतं हा दुसरा. दिवसभरात साचत जाणारं अडेनोसिन आपल्याला झोपेकडे नेतं. मेंदूच्या पेशींवर ते जिथे येऊन बसतं त्या जागा म्हणजे ग्राही (रिसेप्टर). कॅफिन या ग्राहींवर बसून अडेनोसिनची वाट अडवतं. त्यातल्या एका ग्राहीच्या जनुकात, एडीओआरए२एमध्ये, काहींचा असा प्रकार असतो की तेवढ्याच कॅफिनने जीव जास्त घाबराघुबरा होतो, विशेषतः रोजची सवय नसली तर. “आईलाही दुपारनंतर चहा चालत नाही,” हे बाईंनी जाता जाता सांगितलं. आमच्या दृष्टीने ते त्या महागड्या अहवालापेक्षा मोलाचं होतं.

पण जनुकं जन्मापासून तीच, त्रास मात्र चार महिन्यांचा. मग मधे काय बदललं? विचारल्यावर कळलं की गर्भनिरोधक गोळ्या सुरू झाल्या होत्या. या गोळ्यांनी सीवायपी१ए२ मंदावतं आणि कॅफिनचं अर्धायुष्य, म्हणजे अंगातलं कॅफिन निम्मं व्हायला लागणारा वेळ, दुपटीच्या आसपास जातं. सरासरी पाच तासांचे दहा तास होतात. हिशेब असा: त्यांच्या मगात इन्स्टंट कॉफीचे दोन शीगेचे चमचे, म्हणजे १२० मिलिग्रॅम तरी कॅफिन. पाचला प्यायलेल्या मगातले ६० मिलिग्रॅम पूर्वी रात्री दहाला उरायचे, आता पहाटे तीनला उरतात. सकाळच्या दोन कपांची शिल्लक त्यात धरलेली नाही.

त्यांना दोन आठवडे वही ठेवायला सांगितली. काय प्यायलं, किती वाजता, किती चमचे, झोप कधी लागली, धडधड कधी झाली. चहाही त्यात लिहायचा, कारण एका कपात साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम असतात. डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही कॅफिन असतं, वेष्टन वाचायचं. इथेच जुनं कोडं उलगडलं. पूर्वी त्यांनी कॉफी एका दिवसात सोडली होती, दुसऱ्या दिवशी डोकं फुटायची वेळ आली, गोळी घेतली आणि बरं वाटलं. त्या गोळीतच कॅफिन होतं. अचानक सोडल्यावर १२ ते २४ तासांत डोकं धरतं, पहिले दोन दिवस जड जातात, त्रास नऊ दिवसांपर्यंत रेंगाळू शकतो. म्हणून दर तीन-चार दिवसांनी पाव भाग कमी करायचा, आणि सुरुवात संध्याकाळच्या मगापासून.

निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० आणि गरोदरपणी २०० मिलिग्रॅमची मर्यादा सांगतात. पण ज्याला १२० मध्येच थरथर सुटते, त्याने ४०० कडे बघत बसू नये.

गर्भनिरोधक गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत, हे दोनदा बजावलं. धडधडीसाठी आधी डॉक्टरांकडून थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि ईसीजी करून घेतला. सगळं ठीक निघालं. कॉफी न घेताही नाडी अनियमित वाटली किंवा चक्कर येऊन पडायला झालं, तर वहीची वाट न बघता डॉक्टर गाठायचे. फ्लुवॉक्सामिन (मानसिक आजारांवरचं औषध) किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन (प्रतिजैविक) चालू असेल तरी कॅफिन अंगात फार काळ राहतं, तेव्हा औषधांची यादी आम्ही आधीच विचारतो.

नवऱ्यासाठीही निरोप दिला: सिगारेट सोडाल तेव्हा कॉफी निम्मी करा. धूर बंद झाला की काही दिवसांत विकराचा वेग उतरतो आणि तेवढ्याच कपांचं कॅफिन रक्तात वाढतं. मग अस्वस्थता आली की माणूस समजतो, सिगारेटची तल्लफ आहे, आणि पुन्हा ओढायला लागतो.

तीन आठवड्यांनी बाईंचा रोजचा क्रम ठरला, सकाळी आठला एक सपाट चमचा कॉफी, साडेअकराला फिका चहा. झोप साडेअकरा-बाराला लागू लागली, रात्रीची धडधड थांबली. सोमवारच्या मीटिंगआधी पोटात गोळा मात्र अजून येतो. तो कॉफीचा नाही, त्यावर आमची वेगळी सत्रं चालू आहेत.